शीतगृहातला झेंडा

आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीमागून जी नदी वाहते, तिला गावात कुणी नदी म्हणत नाही. उन्हाळ्यात कुत्रंसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जातं. पण त्या वर्षीच्या मार्चमध्ये गोठलेल्या जमिनीवर धो धो पाऊस पडला, वरून साठलेलं बर्फ वितळलं, आणि पाण्याला मुरायला जागाच राहिली नाही. नेब्रास्काचा आमचा हा कोपरा चार दिवस पाण्याखाली होता. माझं दुकान चढावर आहे म्हणून वाचलं. कचेरीचं तळघर मात्र कंबरेपर्यंत भरलं.

पाणी उपसून झालं त्या सकाळी नोरीन माझ्या दारात उभी राहिली. नोरीन डीट्झ आमच्या काउंटीची क्लार्क. जन्म, लग्नं, जमिनीचे व्यवहार, सगळं तिच्या हाताखालून जातं. अंगभर चिखल, पायात नवऱ्याचे जुने रबरी बूट. तिचा नवरा ड्वाइट जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील.

"मिलो, तुझ्या मोठ्या फ्रीजरमध्ये जागा किती आहे?"

"का गं? गाय कापलीस की काय?"

"काउंटी ठेवायचीये."

मी खाटीक. बापापासून हाच धंदा. लोक गाई-डुकरं आणतात, शिकारीची हरणं आणतात, मी कापून, बांधून, गोठवून देतो. पण काउंटी गोठवायला यापूर्वी कुणी आलं नव्हतं.

नोरीनने राज्याच्या राजधानीतल्या अभिलेखागारात फोन लावला होता. तिथल्या बाईंनी तिला बजावलं होतं, भिजलेले कागद उघडायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत, इस्त्री तर मुळीच नाही. आहेत तसे गोठवा. गोठले की शाई पसरत नाही, बुरशी धरत नाही, पुढचं आम्ही बघतो. कायम जपायचा दस्तऐवज राज्याच्या परवानगीशिवाय फेकता येत नाही, तो कितीही भिजो, फाटो, असा नियमच आहे.

मग काय, अर्धं गाव कामाला लागलं. कचेरीच्या पायऱ्यांपासून माझ्या ट्रकपर्यंत माणसांची रांग लागली आणि खोकी हातोहात पुढे सरकू लागली. आमच्या पणजोबांनी पहिल्यांदा घेतलेल्या जमिनींचे कागद, दीडशे वर्षांतली लग्नं, घटस्फोटही. हरणाचं मांस मी एका कोपऱ्यात रचलं आणि बाकी फळ्या काउंटीला दिल्या. "आता तरी माझं लग्न थंड पडेल," असं कुणीतरी ओरडलं आणि रांगेतली त्याची बायकोच सगळ्यांत मोठ्याने हसली.

शेवटी एक पत्र्याची पेटी वर आली. आत झेंडा होता. हाताने शिवलेला, अठ्ठेचाळीस ताऱ्यांचा, पहिल्या महायुद्धातला. माझ्या लहानपणी तो कचेरीच्या जिन्यावर लटकलेला असायचा. पुढे कधीतरी भिंती रंगवायला काढल्या, तेव्हा खाली गेला तो गेलाच. आता त्यातून गढूळ पाणी ठिबकत होतं आणि तांबडा रंग पांढऱ्यावर उतरायला लागला होता.

रांगेत व्हर्लिन होता. व्हर्लिन डीट्झ, ड्वाइटचा थोरला भाऊ, म्हणजे नोरीनचा दीर. ऐंशी ओलांडलेला, पाठ अजून ताठ. आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेचा तो प्रमुख. गावात कुणाचा झेंडा विरला, फाटला, की लोक तो व्हर्लिनकडे देतात. जूनमध्ये झेंडादिनाला तो सगळे झेंडे घडी घालून, सलामी देऊन, अग्नीला देतो. जीर्ण झेंड्याला असा निरोप द्यावा ही आमची रीत, नियमही तसाच. त्याने टोपी काढली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे तो माझ्याकडे."

"नाही व्हर्लिन," नोरीन म्हणाली. "तो गोठवायला चाललाय."

"अगं, त्याची दशा बघ. फडकवायच्या लायकीचा राहिलाय का? असा झेंडा मानाने जाळायचा असतो. तुला शिकवू?"

"तो काउंटीच्या ऐतिहासिक वस्तूंत नोंदलेला आहे. राज्याला विचारल्याशिवाय मला त्याचा दोरासुद्धा टाकता येत नाही."

"झेंडा म्हणजे तुझे कागद नव्हेत!"

"आणि तळघर म्हणजे माझं घर नव्हे. मी ठेवला नव्हता तो तिथे."

रांग थांबली होती. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. दोघंही आपल्या जागी बरोबर होती, पंचाईत तीच होती. शेवटी मी म्हणालो, "भांडा निवांत. तोवर हा माझ्याकडे थंड राहू दे. गोठलेली वस्तू कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर व्हर्लिन दारात.

"बघायचाय."

मी फ्रीजर उघडला. तो टोपी काढून आत शिरला. थोड्या वेळाने बाहेर आला तो लालबुंद होऊन, आणि थंडीने नव्हे.

"मिलो, झेंडा डुकराच्या फऱ्याशेजारी ठेवायचा हे कुठल्या नियमात लिहिलंय रे?"

"गुंडाळलेलाय की नीट."

"फरा की झेंडा?"

मी डुकराचं सगळं मांस उचलून बहिणीच्या घरच्या फ्रीजरमध्ये नेऊन टाकलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. झेंड्याला एक अख्खी फळी दिली, खाली धुतलेली चादर अंथरली. त्यानंतर व्हर्लिन रोज यायचा. आत जाऊन उभा राहायचा, ओठ निळे पडले की बाहेर यायचा, माझ्याकडची कॉफी प्यायचा आणि नोरीनला नावं ठेवायचा. "तिला सगळं कपाटात कोंडायची सवयच आहे," म्हणायचा. रोख कशावर होता ते मला ठाऊक होतं. ड्वाइटही सैन्यात होता; त्याच्या शवपेटीवरचा झेंडा व्हर्लिनने स्वतः त्रिकोणी घडी घालून तिच्या हातात दिला होता. आमच्याकडे तो काचेच्या पेटीत घालून बैठकीत ठेवतात. नोरीनच्या बैठकीत तो कधीच दिसला नाही.

एप्रिलमध्ये काउंटी मंडळाची बैठक झाली. व्हर्लिनने रीतसर अर्ज दिला होता, झेंडा संघटनेच्या ताब्यात द्यावा म्हणून. कोट घालून, पदकं लावून आला. सगळ्यांना वाटलं, आता नियम वाचून दाखवणार. त्याने कागद खिशातून काढलाच नाही.

"हा झेंडा माझ्या आजीने शिवला," तो म्हणाला. "ओटिलीने. ती आणि चर्चमधल्या आणखी काही बायका. तुम्हाला वाटत असेल देशप्रेमाने. नाही. जर्मनीशी युद्ध चालू होतं आणि आम्ही घरात जर्मन बोलायचो. एका रात्री आमच्या चर्चच्या दाराला कुणीतरी पिवळा रंग फासला, म्हणजे इथले लोक देशद्रोही. पाद्रीसाहेबांना गाडीतून ओढून जोडे पुसायला लावले. मग बायकांनी ठरवलं, असा मोठा झेंडा शिवू की कचेरीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. आजी म्हणायची, टाके घालताना माझे हात थरथरत होते, म्हणून ते वाकडे आहेत. त्या बाईने मरेपर्यंत पुन्हा जर्मन शब्द तोंडातून काढला नाही. मरताना काढला, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच तो कळला नाही." तो अध्यक्षांकडे वळला. "त्या झेंड्याने शंभर वर्षं भीती वाहिली. आता त्याला सोडा. मानाने जाऊ द्या. एवढंच मागतोय."

मी नोरीनकडे बघितलं. तिच्यासमोर नियमांची फाइल उघडी होती, तिने ती मिटली.

"ओटिली आजी माझ्याही आजेसासू होत्या," ती म्हणाली. "हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तूही नाहीस. ड्वाइटनेही नाही."

"सांगण्यासारखं होतं का ते?"

"मला माहीत नाही, व्हर्लिन. पण आज तू बोलला नसतास आणि जूनमध्ये झेंडा जळून गेला असता, तर हे मला कुणी सांगितलं असतं?"

मंडळाच्या अध्यक्षांनी ना हो म्हटलं ना नाही. झेंडा आधी राजधानीत नेऊ, तिथले जाणकार बघू देत, मग ठरवू, म्हणाले. व्हर्लिन म्हणाला, झेंडा जाईल तिथे मी जाईन.

राजधानीला जायला गोठवणाऱ्या ट्रकची गरज होती आणि तसा ट्रक गावात माझाच. त्यामुळे एका सकाळी मी, नोरीन आणि व्हर्लिन, तिघं पुढच्या एकाच बाकावर दाटीवाटीने बसून लिंकनला निघालो. नोरीन मधे. पहिला तासभर दोघं समोरच्या काचेशीच बोलत होती.

मग व्हर्लिन एकदम म्हणाला, "ड्वाइटचा झेंडा कुठे ठेवलायस?"

"माझ्या कपड्यांच्या कपाटात. वरच्या खणात."

"कपड्यांच्या."

"बैठकीत दोन दिवस ठेवला होता. येता-जाता दिसायचा आणि मला स्वयंपाक सुचायचा नाही. कपाटात सकाळी एकदा दिसतो. तेवढं मला झेपतं."

व्हर्लिनने तोंड खिडकीकडे वळवलं. "मला वाटलं होतं, तुला त्याची किंमत नाही," तो म्हणाला.

"मग विचारायचंस ना."

"आता विचारलं की."

"चार वर्षांनी! डीट्झ लोकांचं हे असंच, वरातीमागून घोडं." आणि ती हसली. तोही नाकातल्या नाकात हसला. मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

अभिलेखागारातल्या बाईंचं नाव इनेस कॅस्टिलो. खोकी उतरवून घेतल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं, झेंडा उद्या सकाळी पाण्यात सोडणार, थांबायचं असेल तर थांबा. आम्ही थांबलो. सकाळी त्यांनी भल्यामोठ्या उथळ टाकीत, जाळीवर ठेवून, तो गोठलेला गोळा अलगद पाण्यात उतरवला. बर्फ सुटत गेलं तसा चिखल निघत गेला आणि घडी आपोआप उलगडायला लागली. इनेसबाई पाण्याला हातसुद्धा हळू लावत होत्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "ताऱ्यांचे टाके वाकडे आहेत, पण पट्ट्यांचे किती सरळ! शिवणाऱ्या निदान तीन-चार जणी असाव्यात. तुम्हाला काही माहिती आहे का याची?"

व्हर्लिन टाकीच्या कडेला वाकला. एका ताऱ्यापाशी त्याचं बोट थांबलं. लावलं नाही, वर हवेतच धरलं.

"ही आजी," तो म्हणाला. "टोकाला दोनदा टाका घालायची. माझ्या लहानपणीच्या सगळ्या शर्टांना असाच असायचा." मग त्याचा आवाज बदलला. "पुढे पुढे थरथर थांबलीय तिच्या हाताची. हा शेवटचा तारा बघ नोरीन, अगदी नीट आहे."

नोरीनने वाकून पाहिलं. खरंच नीट होता.

तांबड्याचा डाग पांढऱ्यावर थोडा राहणार, दोन पट्टे विरलेत, पुन्हा कधी फडकवता येणार नाही, असं इनेसबाईंनी स्पष्ट सांगितलं. आडवा, अंधारात, सपाट खणात ठेवावा लागेल. व्हर्लिनने विचारलं, "म्हणजे निजवणार?" त्या म्हणाल्या, "तसंच म्हणा." त्याने मान हलवली आणि तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. नोरीन त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघं काय बोलली ते मी विचारलं नाही. मी आपला टाकीपाशी इनेसबाईंना मांस गोठवण्यातले बारकावे सांगत होतो, आणि त्या बिचाऱ्या ऐकतही होत्या.

अर्ज व्हर्लिनने मागे घेतला. अट एकच घातली. झेंड्याचं मोठं छायाचित्र कचेरीच्या जिन्यावर लावायचं आणि खालचा मजकूर तो सांगेल तोच. मंडळातल्या एकाने कुरकुर केली की 'भीतीपोटी शिवलेला' असं लिहिणं बरं दिसत नाही, 'श्रद्धेने' लिहू. व्हर्लिन म्हणाला, "श्रद्धा नंतर आली. आधी भीती होती. दोन्ही लिहा, पण क्रम बदलू नका." तसंच लिहिलं गेलं.

त्या जूनमध्ये झेंडादिन नेहमीसारखा झाला. पोस्ट ऑफिसचा, शाळेचा, पेट्रोल पंपावरचा, असे वर्षभरात विरलेले झेंडे होते. घडी घालताना दुसरं टोक धरायला व्हर्लिनने नोरीनला बोलावलं. ती सैनिक नाही, संघटनेत एक-दोघांच्या भुवया वर गेल्या, पण बोललं कुणी नाही.

हल्ली जिन्यावरच्या त्या चित्रापाशी म्हाताऱ्या बायका थांबतात. माझीही आजी होती त्यात, असं सांगतात. कुणाला नाव आठवतं, कुणाला नुसता आजी ज्याच्या उजेडात शिवायची तो स्वयंपाकघरातला दिवा आठवतो. नोरीन ऐकून घेते आणि राजधानीला कळवते. व्हर्लिन मंगळवारी गुरांच्या बाजाराला आला की चित्राशेजारच्या बाकावर बसतो आणि जिना चढणाऱ्याला धरून सगळं पहिल्यापासून सांगतो. लोक लग्नाचा परवाना काढायला आलेले असतात, त्यांना घाई असते. मग नोरीन खिडकीतून ओरडते, "व्हर्लिन, सोड रे त्यांना, पाच वाजता बंद करायचंय मला."

"दोन मिनिटं," तो म्हणतो, आणि सांगत राहतो.