निळेमामांचे कान

"ताई, पोरीच्या लंगोटाला साबण लागला की तो काळा पडतोय. एकदा बघा तरी," असं कपडे धुणाऱ्या मावशी म्हणाल्या तेव्हा माझी ठमी अडीच महिन्यांची होती, आणि मी चक्क हसले होते. "मावशी, रंगाच्या कारखान्याच्या अंगणात वाळत घातलेलं काय पांढरंशुभ्र राहणार?"

आमच्याकडे डागाला कुणी विचारत नाही. पुढे कापड रंगवायचा कारखाना, मागे घर. दाराच्या कड्या जांभळ्या, जिन्याचा कठडा पिवळा, सासऱ्यांची नखं बारमाही हिरवट. सासरे म्हणजे माझे धाकटे मामाच. मामाच्या मुलाशीच माझं लग्न झालं. थोरल्या मामांना तर सगळी पोरं निळेमामा म्हणतात. त्यांच्या कानांच्या कडा निळसर काळ्या. "नीळ ढवळता ढवळता कानांनीच पिऊन टाकली," हा त्यांचा स्वतःचाच विनोद.

पण मावशींचं बोलणं डोक्यातून जाईना. मी मुळात संशयी; ठमी शिंकली तरी वहीत तारीख लिहिते. आठवडाभर तिचे लंगोट वेगळ्या बादलीत ठेवले, गच्चीवर वाळत घातले. तरी डाग तपकिरी ते तपकिरीच. शेवटी एक ओला लंगोट घेऊन मी कारखान्यात धाकट्या मामांकडे गेले.

"मामा, हा रंग कुठला ते सांगा."

असं कोडं घातलं की मामांचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो. रंगाची जात ओळखायची त्यांची एकच रीत: आधी त्याला आंबट पाजायचं, मग सोडा. त्यांनी तीन वाट्या मांडल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, तिसरीत धुण्याचा सोडा. लंगोटाचे तीन तुकडे केले.

मामी दारातून ओरडल्या, "नातीचं मूत तपासत बसलात? बाहेर गिऱ्हाईक ताटकळलंय!"

"ताटकळू दे. असा रंग चाळीस वर्षांत पाहिला नाही."

पाण्यातला तुकडा जसाच्या तसा. लिंबातलाही. सोड्यातला मात्र आमच्या डोळ्यांदेखत चहाच्या चोथ्यासारखा झाला, मग जवळजवळ काळा. मामांनी वाटी उचलून उजेडाला धरली.

"हा आपल्याकडचा नाही, पोरी. बाहेरून लागलेला नाही. हा तिच्यातूनच येतोय."

मी तिन्ही तुकडे बरणीत घालून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. मामाही बरोबर आले होते. बाईंनी ठमीची लघवी तपासायला पाठवली आणि आठ दिवसांनी एक लांबलचक नाव सांगितलं: अल्काप्टोन्युरिया.

"अन्नातल्या प्रथिनांचा एक तुकडा हिच्या शरीराला पुढे मोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "काही लघवीतून जातो, हवा लागली की काळा पडतो. काही आत साठत राहतो. आत्ता हिला काहीही त्रास नाही. तिशी-चाळिशीत पाठ, गुडघे, कधी मुतखडे."

"पण हा आजार आला कुठून?"

"आई आणि बाप, दोघांकडून तीच खोट आली तरच होतो. नात्यातलं लग्न का तुमचं?"

मी मान हलवली.

"मग शक्यता वाढते. दोष कुणाचाच नाही. बरं, घरात आणखी कुणाची पाठ लवकर आखडली? मुतखडे? कान निळसर? डोळ्यांच्या पांढऱ्या भागात काळसर डाग?"

मामांनी चष्मा काढला आणि परत घालायचं विसरले.

तिथून आम्ही थेट निळेमामांकडे गेलो. ते गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून पलंगावर टेकले होते. सगळं ऐकून खो खो हसले. "अगं, नीळ आहे ती!"

"मामा, कारखाना सोडून तुम्हाला नऊ वर्षं झाली. हातांची नीळ कधीच गेली. मग कानांची का वाढतेय?"

त्यांचं हसू थांबलं. हात आपसूक कानाकडे गेला.

"आई माझी चादर वेगळी धुवायची," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, मी अंथरूण ओलं करतो त्याची लाज झाकतेय."

त्यांची उशी सरळ करायला गेले तर खाली गोळ्यांची पाकिटं. पाठदुखीच्या गोळ्या ते शेंगदाण्यासारख्या खात होते, सकाळ-दुपार-संध्याकाळ, कुणाला न सांगता. तपासणीत कळलं, त्यांनाही तोच आजार आहे, आणि मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलंय. खडे होतेच, वर या गोळ्या. त्या त्याच दिवशी बंद झाल्या.

आता ठमीच्या वहीची मागची पानं निळेमामांची आहेत. काय दुखतं, कधीपासून, कशाने उतरतं. ते सांगतात, मी लिहिते. ठमीची चाळिशी मला त्यांच्या पाठीत दिसते; म्हणून प्रश्न संपत नाहीत.

"म्हटलं होतं ना?" मावशी परवा म्हणाल्या.

"म्हटलं होतंत, मावशी."

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्यांच्या दुखण्याचा विनोद होऊन बसलाय. आज त्यांच्याजवळ उजेडात जाऊन बसा. कान बघा, डोळ्यांतला पांढरा भाग बघा. कुठल्या गोळ्या, किती, कधीपासून, ते विचारा. आणि "काही नाही गं" म्हणालेच, तर उशीखाली हात घालून बघा.