निसटलेली किल्ली

शाळेच्या बसगाड्या सुटतात त्या फाटकावर मामांची चौकी होती. ड्रायव्हरने यायचं, मामांच्या हातातल्या दारू तपासायच्या यंत्रात फुंकायचं. शून्य आलं की मामा खिडकीतून किल्ली फेकणार आणि ड्रायव्हर ती झेलणार, हा रोजचा रिवाज. यंत्राला सगळे ‘फुंकणी’ म्हणत. पाच नंबरची गाडी मामांच्या जावयाची. तिच्यात तिसऱ्या थांब्यावर मामांची नातच चढायची.

जावयाला सगळे कासव म्हणत. गाडी इतकी हळू हाकायचा की मामांना कौतुक वाटे. पण गेल्या आठवड्यापासून मनात पाल चुकचुकत होती. परवा नात म्हणाली, “आजोबा, हिरवा दिवा लागला तरी बाबा थांबूनच होते. मागचे भोंगे वाजवून दमले.”

आज जावई आला तो लाल डोळे घेऊन. सदऱ्याला जळक्या पाल्याचा वास. त्याने फुंकलं. शून्य.

“बघितलंत मामा? धुतल्या तांदळासारखा!”

“फुंकणीला दारू कळते, जावईबापू. गांजा कळत नाही.”

जावयाने लपवलंही नाही. “दोनच झुरके हो, उठल्या उठल्या. दारुडा धडकतो. गांजावाला उलट जपून चालवतो. मला कासव काय उगाच म्हणतात?”

मामांना क्षणभर पटलंच. हळू म्हणजे सुखरूप, असं तेही वर्षानुवर्षं म्हणत आले होते. आणि वर कळवलं तर लेकीचीच चूल विझणार. त्यांनी किल्ली उचलली, नेहमीसारखी फेकली.

जावयाची मूठ मिटली. पण किल्ली तोवर फरशीवर पडून वाजलीही होती.

तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जावई रिकाम्या मुठीकडे बघत राहिला, मग खी खी हसला. “ऊन डोळ्यांवर आलं.”

ऊन त्याच्या पाठीवर होतं.

तो वाकायच्या आत मामा बाहेर आले आणि किल्लीवर चप्पल ठेवून उभे राहिले.

“मामा, पाय काढा. पोरं खोळंबतील.”

“हळू जाणं निराळं, बापू, आणि उशिरा कळणं निराळं.”

“नोकरी जाईल माझी! लेकीला काय तोंड दाखवाल?”

 मामांचा पाय मात्र हलला नाही. त्यांनी चार नंबरच्या ड्रायव्हरला हाक मारली.

“तुझी फेरी झाली की पाचचीही तूच कर. तिसऱ्या थांब्यावर माझी नात असेल. उशीर का झाला विचारेल. सांग, आज बाबा घरी आहेत.”