काठाला लागलं की बंद

“तात्या, परत एकदा उघडा बरं,” सूरज म्हणाला. गेणबातात्यांनी बंडीला बोट पुसलं आणि फोनच्या पडद्यावरची निळी होडी पुन्हा दाबली. होडी गोल फिरली, थांबली, आणि पुढं कोरं पान. जिथं नोंदींची रांग दिसायला पाहिजे, तिथं काहीच नाही.

सूरजचा चेहरा असा उतरला ना, मला बघवेना. भिगवणच्या अलीकडं, उजनीच्या काठावर आम्ही उभे. होडी चिखलात ओढून ठेवलेली. दुपारी गाडी येणार होती तात्यांना पुण्याला न्यायला, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. घशात गाठ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, स्वरयंत्र काढायचं, त्यानंतर बोलणं नाही.

आधी हे ॲप कसलं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तात्या पोरसवदा होते. त्यांचं अख्खं गाव खाली गेलं. भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, सगळं अजून तळाशी आहे. वरून पाणी कसं ताटासारखं सपाट, पण जाळं तिथं पडलं की फाटलंच. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा होडीचं बुड लागतं, आणि नेमकं वारं सुटलेलं असेल तर माणसासकट उलटी. तात्यांना हे सगळं तोंडपाठ. ते वल्हं मारणार आणि त्यांची लेक रोहिणी जाळं टाकणार, अशी वर्षानुवर्षं चाललेली जोडी. नवरा गेल्यापासून रोहिणी माहेरीच. आता ती एकटी पाण्यात जाणार होती, आणि लांबच्या पाण्यात तळाशी काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

सूरज त्यांच्या शेजारचा, बारामतीत माझ्याबरोबर शिकलेला. त्यानं डोकं चालवलं. तात्यांनी होडीतून फिरत जागेजागेवर थांबून बोलायचं, फोननं आवाजही धरायचा आणि ठिकाणही. उद्या रोहिणी त्या जागी पोचली की तिच्या हातातल्या फोनमधून तात्या बोलणार, इथं विहीर आहे, डावीकडून घे.

बारामतीत, भिगवण रोडवरच्या आमच्या खोलीवर त्यावरून असली भांडणं झाली की विचारू नका. आमचा तिसरा भिडू ऋषिराज म्हणत होता, नेटिव्ह ॲपच करायचं, फोनमध्ये रीतसर बसणारं. सूरज म्हणत होता, वेब ॲप. लिंक दाबायची, ब्राउझरमध्ये उघडतं, होडीचं चित्र पडद्यावर येऊन बसतं, वजन काहीच नाही. त्याचंही खोटं नव्हतं. तात्यांचा फोन म्हणजे गेलेल्या जावयाचा फोन. त्याच्या फोटोंनी गच्च भरलेला, आणि रोहिणी त्यातला एकही फोटो पुसू देईना. शिवाय नेटिव्ह लिहायचं, तपासायचं, त्यात महिना जाणार. गाठ कुठली महिनाभर थांबायला.

“ब्राउझरच्या पोटात ठेवलेलं आपलं नसतं,” ऋषिराज म्हणाला. “कुणी साफसफाई केली की गेलं. आणि पाण्यात रेंज नाही. नेटिव्ह नंतर रेंज आली की खिशातल्या खिशात आवाज वर सर्व्हरला पाठवून देईल. तुझं ते उघडं असेल तेव्हाच पाठवणार.”

“घरी गेल्यावर उघडतील की. मी सांगतो त्यांना,” सूरज म्हणाला, आणि त्यावर ठरलं.

सांगितलंही त्यानं. तात्यांच्या ओट्यावर बसून पहिली चाचणी केली तेव्हा मीही होतो. तात्यांनी फोन पानाच्या विड्यासारखा तोंडाजवळ धरला, खाकरले, आणि आमच्याकडं बघत विचारलं, “चालू हाय का रं ह्ये? बोलू का?” आम्ही एवढे हसलो की पुढचं बोलायचं राहिलंच. सूरज म्हणाला, तात्या, रोज घरी आल्यावर एकदा उघडायचं बरं का. तात्या व्हय म्हणाले. त्यानंतर घसा दुखत असताना ते रोज होडी घेऊन फिरले. रोहिणी वल्हं मारायची आणि ते बोलायचे. ती त्यांना आबा म्हणते. सांगायची, कधी नव्हे ते आबा एवढं बोलले. कुठल्या घरात कुणाचं लग्न झालेलं, तेसुद्धा सांगत बसायचे.

आणि आता कोरं पान.

तात्यांचा आवाज तोवर नुसता खरखरत होता. ते म्हणाले, “फोन लई जड चालाय लागला हुता. म्हटलं शेवटच्या फेरीला दगा नगं. काल गोकुळकडं नेला. म्हटलं, जावयाच्या फोटूला हात लावू नगंस, बाकीचा कचरा काढ.”

सूरजनं हळूच विचारलं, “पण घरी उघडत होता ना रोज?”

तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही हे पोरगं खुळं आहे. “घरात कशापायी? काठाला लागलं की बंद. जाळं कुणी घरात पसरतं व्हय?”

खरंच पसरत नाहीत. त्यांच्यात ते अशुभ. होडी काठाला लागली की वल्हं उभं करायचं, जाळं बाहेर काठीवर टाकायचं, पाण्यातलं काम पाण्यात. तात्यांनी फोनलाही तोच नियम लावला होता.

मी आणि सूरज भिगवणला सुटलो. गोकुळचं मोबाईलचं दुकान स्टेशनकडं. त्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, ॲपच्या यादीत असतं तर काढू का म्हणून विचारलं असतं, पण असं काही डोळ्याला पडलंच नाही. ब्राउझरचा सगळा कचरा पुसला त्यानं. परत आणता येईल का? नाही म्हणाला. आम्हालाही ते माहीत होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. सूरजनं तिथूनच ऋषिराजला फोन केला. मला वाटलं, आता हा ऐकवणार. पण तो म्हणाला, “गाडी यायला वेळ आहे ना? मग परत पाण्यात न्या त्यांना.”

सूरजला पोहता येत नाही, म्हणून मी होडीत बसलो. वारं सुटलं होतं. रोहिणीनं जीव खाऊन वल्हं मारलं. मी माझ्या फोनवरचा साधा रेकॉर्डर लावून तात्यांच्या तोंडाशी धरलेला. पहिल्या जागी ते म्हणाले, “हितं म्हस्कूची भिंत,” आणि पुढचं वाऱ्यात गेलं. दुसऱ्या जागी विहिरीचं काहीतरी. तिसऱ्या जागी त्यांनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि नुसती हवा आली. परत उघडलं. परत हवा. मग त्यांनी उघड्या तळव्यानं पाण्यावर एक फटका मारला.

“बास, आबा,” रोहिणी म्हणाली. “मी लांब न्हाई जाणार. शपथ. काठाकाठानं मारीन.”

पण काठाला मासा कुठं असतो. ते तिलाही माहीत आणि त्यांनाही.

माझ्या फोनमध्ये निघालं नुसतं वारं. सूरजनं सर्व्हर उघडून बघितला, तर तिथं एकच नोंद सापडली, ओट्यावरची, कारण ती घरी, रेंजमध्ये असताना केलेली. चालू हाय का रं ह्ये? बोलू का? सूरजनं ती एकदाच लावली आणि बंद केली.

ऑपरेशन झालं. आता तात्यांच्या गळ्याला भोक आहे, त्यावर पातळ फडकं. त्यांना होडीत बसायची बंदी. पडले आणि त्या भोकातून पाणी आत गेलं तर संपलं. म्हणून ते काठावर उभे राहतात, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. मासा जाळ्याकडं हाकलायला होडीतून बडवतात ना, तोच डबा. रोहिणी भिंतीकडं वळली की ते जोरजोरात बडवतात, सरळ गेली की गप्प.

सूरज आणि ऋषिराज मिळून नेटिव्ह ॲप करतायत. त्यात घालायला आवाज नाही, तरी करतायत.

परवा मी रोहिणीबरोबर पाण्यात गेलो होतो. बरंच आत गेलो, काठ पार बारीक दिसायला लागला. वारं उलटं होतं. तात्या तिथं उभे, त्यांचा हात वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता, वर, खाली, पण आवाज काही येत नव्हता. मी तिला म्हटलं, इथवर पोचत नाही गं.

रोहिणीनं वल्हं आडवं ठेवलं, काठाकडं वळली, आणि ऐकू आलं म्हणून सांगायला हात करतात तसा हात वर केला. त्यांचा हात थांबेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.