लाल दोऱ्याच्या बाटल्या

मित्रांनो, मी टोमॅटोचा एक जुना हातचरक आहे आणि नम्रपणा मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या घरातल्या पुरणयंत्राचा मला थोरला भाऊ समजा. वरच्या पसरट तोंडात उकडलेले टोमॅटो घालायचे आणि दांडा फिरवायचा. एका बाजूने दाट रस पडतो, दुसऱ्या बाजूने सालं नि बिया.

माझा जन्म इटलीच्या दक्षिणेला, कालाब्रियातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. मिकेलिनाला मी लग्नात माहेरून मिळालो. पुढे ती आणि तिचा नवरा रोक्को अर्जेंटिनाला निघाले, तेव्हा ट्रंक भरताना रोक्को कुरकुरला, "हे लोखंड कशाला? त्यापेक्षा दोन पांघरुणं जास्त घे."

"पांघरुणं तिथे मिळतील," मिकेलिना म्हणाली, आणि तिने मला गादीत गुंडाळलं.

ला प्लाता शहराबाहेर त्यांनी खंडाने जमीन घेतली आणि टोमॅटो लावले. त्यांची मुलगी सेराफिना तिथेच जन्मली. घरात कालाब्रियाची बोली, शाळेत स्पॅनिश. डॉक्टरकडे आईचं दुखणं तीच सांगायची आणि डॉक्टरचं बोलणं तीच आईला समजवायची. दांड्यापर्यंत हात पोचत नव्हता तेव्हापासून ती उलट्या खोक्यावर उभी राहून मला फिरवायची. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. माझ्या आयुष्यात बरेच हात लागले, पण तिच्यासारखा हात एकच.

फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, आमचा मोठा दिवस असायचा. मिकेलिनाची थोरली बहीण पास्क्वालिना आपल्या मुलीला, देलियाला घेऊन यायची. अंगणात चुली पेटायच्या. बाटलीत बेसिलचं, म्हणजे तिकडच्या तुळशीचं, एक पान, त्यावर रस, वर बूच. मग बाटल्या गोणपाटात गुंडाळून पिंपात उकळायच्या. त्या रसावर घर वर्ष काढायचं.

या कामाला एक नियम होता. पाळी आलेल्या बाईने रसाला हात लावायचा नाही, नाहीतर बाटल्या आंबतात आणि फुटतात. गावाकडून माणसं आली, त्यांच्याबरोबर नियमही आला. एका वर्षी काही बाटल्या खरंच फुटल्या. पास्क्वालिना मावशीने सगळ्यांदेखत सेराफिनाकडे बोट दाखवलं. "पोरीने लपवलं असणार." सेराफिनाने काही लपवलं नव्हतं. बुचं ढिली बसली होती आणि ती रोक्कोने बसवली होती. मी समोरच होतो, पण चरकाला विचारतं कोण? पोर रात्रभर रडली. माझा फार संताप झाला.

म्हणून पुढच्या वर्षी तिने सकाळीच सांगून टाकलं. "मम्मा, मला आज पाळी आली आहे."

"जा बाई, लिंबोणीखाली जाऊन बस," मावशी म्हणाली. "बेसिललासुद्धा शिवू नकोस."

दांडा रोक्कोने घेतला. माणूस बैलासारखा राबणारा, पण सगळं एकदम व्हायला हवं. त्याने माझ्या तोंडात इतकं कोंबलं की सालं अडकून मी ठप्प झालो. मिकेलिनाने मला उघडून साफ केलं. त्याने पुन्हा कोंबलं.

"बाबा, थोडं थोडं घाला," लिंबोणीखालून सेराफिना म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस. हे भंगारच झालंय."

भंगार! मला! दुपार झाली तरी निम्मे टोमॅटो तसेच होते. उकडलेल्या टोमॅटोवर माश्या बसायला लागल्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळं आंबलं असतं. मिकेलिनाने ॲप्रनला हात पुसले.

"सेराफिना, ऊठ. दांडा धर."

मावशीने छातीवर क्रूस काढला. "वेड लागलं का तुला? वर्षभराचा रस नासेल. हिवाळ्यात काय खाशील, कपाळ?"

"नाहीतरी इथे नासतोच आहे."

"आपल्या आईने असं कधी केलं असतं?"

"आई इथे नाही, ताई. इथे मी आहे."

सेराफिना आली खरी, पण दांडा धरायच्या आधी तिने आईकडे पाहिलं. "मम्मा, खरंच नासला तर?"

"तर मला बोलतील. तू फिरव."

तिने फिरवलं आणि मी धावलो. सूर्य मावळायच्या आत खोकी रिकामी झाली. मावशीने मात्र सेराफिनाने काढलेल्या रसाच्या बाटल्यांच्या गळ्यांना लाल दोरा बांधला आणि त्यांची फळी वेगळी केली. "कळेलच," ती म्हणाली. त्या बाटल्या फुटल्या असत्या, तर सेराफिना पुन्हा कधी माझ्याजवळ उभी राहिली नसती.

मला स्वयंपाकघरात त्याच फळीच्या वर ठेवलं होतं. सेराफिना येता-जाता बाटल्यांना कान लावायची. मिकेलिना बुचांवरून बोट फिरवायची आणि कुणी पाहिलं की धूळ पुसल्यासारखं करायची. कधी नव्हे ती मलाही धास्ती वाटली.

जुलैच्या थंडीत एका रविवारी मावशी जेवायला आली. मिकेलिनाने लाल दोऱ्याची बाटली तिच्यासमोर ठेवली. "ताई, तूच उघड."

बूच निघालं. फस्स नाही, फेस नाही. फेब्रुवारीतल्या टोमॅटोचा वास घरभर पसरला. मावशी जेवली, पावाने ताटली पुसून घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

"बाकी?"

"बाकी काही नाही. अजून वाढ."

आता मोटारीवर चालणारे चरक आले. सेराफिनाच्या लग्नानंतर मी तिच्याकडे आलो, मग बरीच वर्षं गोणपाटात पडून राहिलो आणि अंगावर गंज चढला. त्याचं वाईट वाटतं, का नाही वाटणार? मित्रांनो, तुमच्या घरात असं जुनं यंत्र असेल तर त्याला धुवा, कोरडं करा, तेलाचं बोट लावा. आणि ते चालवणाऱ्या हातावर उगाच ठपका ठेवू नका.

पण माझी खरी शान विचाराल, तर ती त्या रविवारनंतरच्या फेब्रुवारीतली. चुली पेटल्या होत्या. देलिया आईच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटली आणि मान खाली घालून बाजूला निघाली. मावशीने तिचा दंड धरला. तिने माझ्याकडे आणि दांड्यावरच्या सेराफिनाकडे पाहिलं.

"हात स्वच्छ आहेत ना?"

"हो."

"मग तिच्याजवळ जाऊन उभी राहा," मावशी म्हणाली, "आणि ती कशी फिरवते ते शिकून घे."