रेवणप्पा नेमका कुठून पडला

लातूरच्या एमआयडीसीत डाळ मिलसमोर माझं चहाचं हॉटेल. थापा मारण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. भूकंपात मी खाटेसकट उडून उदगीरच्या किल्ल्यावर बसलो अन् उजाडायच्या आत परत आलो, हे हदगाव-देगलूरहून क्लासला आलेली पोरं दोन-दोन कप पिऊन ऐकायची. पण रेवणप्पाच्या एका थापेपुढं मी हात टेकले. आजही टेकतो, फक्त हसू येत नाही.

रेवणप्पा मिलमधला हमाल, किल्लारीकडचा. भूकंपात घराचं अख्खं मातीचं माळवद अंगावर आलं अन् गडी ओरखडा न पडता बाहेर निघाला. तेव्हापासून लोक त्याला हात लावून बघायचे. असा माणूस पडला, तर मिलच्या ओट्यावरून! ट्रकात पोती भरायचा सिमेंटचा ओटा तो, जेमतेम छातीएवढा. हमाल पोतं ओढत उलट्या पावलानं ट्रकात जातात. त्या दिवशी ड्रायव्हरनं न सांगता ट्रक पुढं घेतला. रेवणप्पाचा पाय हवेत पडला, वरून पोतं आलं. मणका मोडला. पाय गेले ते गेलेच.

दवाखान्यात गावाकडचा मन्मथ भेटायला आला.

"आरं, माळवदाखाली मेला न्हाईस अन् ओट्यानं मारलं व्हय? तिथून माझी म्हातारी बी उडी मारंल की!"

रेवणप्पाची बायको शांतम्मा तोंड फिरवून बसली. रेवणप्पानं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "ओटा कोण म्हणलं? तूर वर चढवायचा इलेव्हेटर हाय ना, त्याच्या माचावरून पडलो. चाळीस फूट."

मन्मथनं कलीमकडं पाहिलं. कलीम रेवणप्पाच्या जोडीचा हमाल, त्यानंच त्याला उचललं होतं.

"हाव," कलीम म्हणाला, "मी खालीच होतो. गिधाडासारखा आला अप्पा."

बाकीच्या हमालांनीही माना डोलावल्या. पडलेल्याची इज्जत राहत असेल तर कुणाचं काय जातंय! मालक माणिकप्पाशेठ तेव्हा हैदराबादला होते. आल्यावर त्यांनी कलीमला विचारलं, कलीमनं तेच सांगितलं. शेठ घाबरले. माचाला लोखंडी कठडा बसवला, रंग दिला, नारळ फोडला. वर चढायचा तो फक्त मिस्त्री, तोही क्वचित. ओटा होता तसाच राहिला.

पुढच्या तुरीच्या हंगामात कलीम त्याच ओट्यावरून गेला. तसाच, उलट्या पावलानं, ट्रक हललेला. डोकं आपटलं. पण उठून बसला, कपडे झटकले, "कुछ नै हुआ," म्हणाला अन् मला चहा सांगितला. सगळे हसले. एवढासा तर ओटा! मी चहा घेऊन पोचलो तोवर त्यानं मान टाकली होती.

कलीमची माती झाल्यावर रेवणप्पा मला म्हणाला, "मला शेठकडं ने." मी त्याची तीनचाकी गाडी ढकलत नेली.

"शेठ, मी इलेव्हेटरवरून पडलो न्हाई. ओट्यावरूनच पडलो. भरणी चालू असताना ट्रक हलू देऊ नका."

"रेवणप्पा, दुःखात काहीबी बोलायलास. कलीमनं मला सोताच्या तोंडानं सांगितलंय. मेलेल्याला खोटं पाडतोस?"

"खोटंच बोलला तो. माझ्यासाठी."

शेठनं माझ्याकडं पाहिलं.

"खरं हाय, शेठ," मी म्हणालो. उभ्या जन्मात इतकं खरं मी बोललो नव्हतो.

शेठ हसले. "तुम्ही म्हणता म्हणजे नक्कीच खोटं."

रेवणप्पानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मला ओट्याकडं घे."

ओट्याला ट्रक लागलेला होता. रेवणप्पानं गाडी ट्रकाच्या तोंडापाशी लावायला सांगितली अन् ड्रायव्हरपुढं हात पसरला.

"चावी दे."

"कोण रं तू? शेठ लागून गेलास?"

"भरून झालं की देतो."

ड्रायव्हरनं दोन शिव्या हासडल्या, त्याच्या पायांकडं पाहिलं अन् चावी हातावर टाकली. रेवणप्पानं ती मुठीत घट्ट धरली अन् वर हमालांना हाळी दिली, "चला रं, वढा पोतं!"