पॉसम आणि मर्यादवेल

वर्षापूर्वी हजेरीलाही जिच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता, ती तलवाड्याची संस्कृती नववीत गेली आणि अशी काही बोलायला लागली की विचारू नका! गेवराईच्या विज्ञान प्रदर्शनात तिचं भाषण होतं. विषय तिनेच शोधलेला: ऑस्ट्रेलियातला मध पिणारा पॉसम आणि समुद्रकाठची मर्यादवेल. तिने दोन्ही कधी पाहिली नव्हती. समुद्रसुद्धा नाही.

प्रदर्शन गुरुवारी होतं आणि ऊसतोडीचा ट्रॅक्टर सोमवारीच निघणार होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पण आईचं, सुनिताचं, उन्हाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालेलं, तिला वाकवत नव्हतं.

"अर्धा कोयता मी नेत न्हाई, शहादेव," मुकादम भागवत बाजेवर बसून तिच्या आबांना म्हणाला. "जोडीला कोण?"

आबांनी लेकीकडे पाहिलं.

संस्कृतीला वाटलं, आपण शाळेत काय चीज आहोत हे मुकादमाला एकदा कळू दे, तोच म्हणेल, पोरीला राहू द्या. ती सरळ ओट्यावर चढली.

"ऐका मामा! पॉसम उंदराहून बारका. मादी पिल्लं पोटाच्या पिशवीत घालून फुलं हुडकत हिंडती. जिथं मध, तिथं बिऱ्हाड! मर्यादवेलीचं उलटं. खाली वाळू सरकती, वर खारा वारा, तरी ती पेरापेराला मुळं फोडती, जांभळी फुलती अन् किनारा धरून ठेवती. मला वेलीसारखं ऱ्हायचंय, मामा. इथंच. शाळेत."

एवढ्यावर ती थांबते कुठली! मुळं, पानं, पिशवी, शेपूट, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं.

"अगं बया, भोंगा हाय का पोरगी!" शेजारच्या कौशल्याबाई कुडावरून हसल्या.

भागवत मात्र गुडघ्यावर थाप मारून उठला. "शहादेव, काय दम हाय रं पोरीत! पाव तास बोलली, पर धाप न्हाई, पाण्याचा घोट न्हाई. उसाच्या मोळ्या वाहायला अशीच लागती. पुरा कोयता धरतो तुमचा."

संस्कृती ओट्यावरून उतरली. "मामा, मला... मला दमा हाय," ती हळूच म्हणाली आणि खोकून दाखवलं.

"आत्ता कुठं गेलता गं दमा?" भागवतने विचारलं.

कौशल्याबाई पुन्हा हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि मोळी पेलेल का म्हणून चिमटीत धरून किती जाड भरतं ते पाहिलं.