निंबाची सव्वा मूठ

निंबाला एक खोड होती. कुणी जेवायला बोलावलं की त्याचं पोट भरलेलंच असायचं. जळगावच्या दालमिलमध्ये अकरा वर्षं काढली, पण कुणाच्या डब्यातली चटणीसुद्धा मागितली नाही पठ्ठ्याने. लोक म्हणायचे, फार मानी माणूस. मानी कसला डोंबलाचा! लाज वाटायची त्याला, सातव्या वर्षापासून.

बाप गेल्यावर आईने दुसरं घर केलं आणि पोराला शिंदखेड्याला काकाकडे सोडलं. "आठ दिवसांत येते," म्हणाली. बसस्टँडवर तो तिच्या पदराला असा चिकटला की कंडक्टरने खाली उतरून त्याची बोटं सोडवली. सगळा स्टँड बघत होता. कुणी फिदीफिदी हसलंही. आई काही परत आली नाही, आणि पोराने खूणगाठ बांधली की आपण हट्ट केला म्हणूनच ती गेली. तेव्हापासून मागणं बंद.

बेबाबाई काकूने त्याला पोटच्या हितेंद्रसारखंच वाढवलं. पण एकदा पंगतीत तिने हाताला धरून बसवायला जावं, तर त्याने हात असा झटकला की ती बिचारी कायमची बिचकली. मग आग्रह संपला. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची तेव्हा काकूचा एकच फोन यायचा, "रोट खावाले येजो." हा म्हणायचा, "बघतो." आणि दुसऱ्या फोनची वाट बघत बसायचा. तो येत नसे. "नकोच आहोत आपण त्यांना," असं म्हणून गडी खोलीवर खिचडी टाकायचा.

यंदा तो पाच दिवस तापाने पडला. पाण्याचा तांब्या हाती द्यायला कुणी नव्हतं. चौतिशीतला बाप्या उशीत तोंड घालून रडला. ताप उतरला तसा शनिवारी उठला, धुळ्याला बस बदलली आणि न कळवता शिंदखेड्याला पोचला.

दारातूनच आवाज आला. काकू रोटाचे, कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू काढत होती. घरात जितके बाप्ये, तितक्या सव्वा मुठी, एकेकाचं नाव घेऊन. घरच्यांखेरीज त्या रोटाचा घासही कुणाला देत नाहीत. निंबा चप्पल काढता काढता थांबला.

"हाई हितेंद्रनी. हाई पिंटूनी. हाई पिंटूना आजानी," काकू म्हणाली. पिंटू हितेंद्रचा पोरगा; नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. मग सूप सरकवल्याचा आवाज आला. संपलं.

निंबाचे कान तापले. आपल्याला कुणी पाहिलं तर काय म्हणेल, एवढंच त्याच्या मनात आलं. तो तसाच मागे फिरला. स्टँडवर मघाचीच बस उभी होती. कंडक्टर म्हणाला, "एवढ्यात झालं काम?"

"झालं," निंबा म्हणाला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत काकूचा फोन आला. आजवर रोटानंतर तिने कधी फोन केला नव्हता.

"निंबा, तुना रोट आठे तसाच पडेल शे रे."

"माझा?"

"मंग! तू थोरलाना पोऱ्या. पहिली मूठ तुनीच काढस दरसाल. बाहेर देता येत नही, म्हणून मीच खाई लेस. यंदा मना दात नही राहिनात, बाप्पा. काय करू?"

पहिली मूठ! तो दारात पोचायच्या आधीच ती सुपात पडली होती. जिभेवर सवयीने "बघतो" आलं. ते त्याने गिळलं.

"काकू, मी शनिवारी दारापर्यंत आलो होतो. परत गेलो."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. काकू रागावली, की रडते आहे, कळेना. निंबाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारी हमाल डबे उघडून बसले होते, आणि त्याचा आवाज चिरकत होता, तरी तो बोलला.

"काकू, मला घ्यायला स्टँडवर येशील?"

"येस ना," काकू नाक पुसत म्हणाली. "कोणती गाडीले येस, ते सांग."